सासऱ्यांचा ॲटोमायझर

माझे सासरे सैन्याच्या वर्कशॉपमध्ये दुर्बिणी दुरुस्त करायचे. हवालदार म्हणून दिल्ली कॅन्टोन्मेंटमधूनच निवृत्त झाले आणि मुलांच्या शाळा इथे होत्या म्हणून साताऱ्याकडच्या गावी परत न जाता इथेच राहिले. ते आणि सासूबाई आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये कायमचे राहायला आले, तेव्हा आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोन खोल्या, चार माणसं. खरं सांगायचं तर मला ते फारसं रुचलं नव्हतं. त्यातही बाल्कनीत वाळत घातलेल्या माझ्या ऑफिसच्या कुर्त्यांना सिगारेटचा वास यायचा, ते तर अजिबातच नाही.

बाबांची सिगारेट जुनी होती. बर्फातल्या एका पोस्टिंगवर लागलेली. सासूबाईंनी ती सोडवण्यासाठी उपास केले, अबोला धरला, एकदा माहेरी जाऊन दोन महिने राहिल्या. काही झालं नाही. मग एका हिवाळ्यात, दिल्लीची हवा धुरकटलेली असताना, बाबांना जिना चढताना मधेच बसावं लागलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं की आता थांबवा. बाबा हो म्हणाले, आणि संध्याकाळी बाल्कनीत गेले.

त्याच सुमारास माझा नवरा ऑफिसच्या कामासाठी लंडनला गेला होता. येताना त्याने बाबांसाठी इलेक्ट्रॉनिक सिगारेट आणली. तेव्हा इथे त्यावर बंदी नव्हती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, हीसुद्धा चांगली नाहीच, पण सिगारेट सुटत असेल तर थोडे दिवस घ्या आणि मग हीसुद्धा सोडा. बाबांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि ओढण्याआधी खोलली. चहाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून एकेक भाग ओळीने मांडला. निकोटीनच्या द्रवाची काचेची छोटी टाकी, रबराच्या बारीक रिंगा, आणि मधोमध अंगठ्याच्या नखाएवढं एक धातूचं नळकांडं. त्यात तारेचं वेटोळं, वेटोळ्यात कापूस. कापूस द्रव पितो, तार तापते, वाफ होते.

"यालाच ॲटोमायझर म्हणतात," नवरा म्हणाला. "हा भाग खराब झाला की फेकायचा आणि नवीन घालायचा."

"का फेकायचा?" बाबांनी विचारलं.



तेव्हापासून दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग बाबांचा झाला. आधी टाकीतला उरलेला द्रव काढायचा. मग सगळे भाग सुटे करून कोमट पाण्यात. साबण नाही, कारण साबणाचा वास मागे राहतो आणि तोच छातीत जातो. बॅटरीला जिथे टोक टेकतं ती जागा स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीने पुसायची, पाणी तिथे लागू द्यायचं नाही. रिंगा बोटांत फिरवून कुठे चीर आहे का ते बघायचं. नळकांड्यातला जळका, काळा कापूस चिमट्याने अलगद ओढून काढायचा, आणि तारेवर साचलेली गोडसर काजळी मऊ ब्रशने घासायची. तार वाकली की संपलं. मग सगळं स्वच्छ पंचावर मांडून दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्यायचं. एक दिवस त्यांना तसंच राहावं लागे. तो दिवस ते बडीशेप खाऊन काढत.

पहिले काही रविवार मी कपाळाला आठ्या घालून माझा चहा ओट्यापाशी उभी राहून प्यायले. नंतर कधीतरी टेबलापाशी बसून प्यायला लागले. त्यांच्या हातांकडे बघण्यासारखं होतं. जाड, भेगाळलेली बोटं, पण चिमटा धरला की एकदम हलकी. माझं ऑफिसातलं काम सगळं घाईचं, आजचं आज निस्तरायचं. त्या टेबलावर घाई नावाची वस्तूच नव्हती.

अडचण कापसाची होती. मेडिकलमधला कापूस त्यांना आवडला नाही, म्हणाले औषधी वास येतो. एका रविवारी त्यांची नजर सासूबाईंच्या देवघरातल्या पुडक्यावर गेली. सासूबाई गावाकडून सरकी काढलेला स्वच्छ कापूस मागवत आणि दुपारी बसून वाती वळत. बाबांनी थोडासा मागितला.

"देवाचा कापूस तुमच्या धुराला देऊ?" सासूबाई म्हणाल्या. बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

तीन-चार आठवडे ते मेडिकलच्या कापसाशी झटापट करत राहिले. कापूस कमी झाला की द्रव गळायचा, जास्त झाला की करपट वास यायचा. सासूबाई आतून हे सगळं बघत होत्या. मग एकदा त्या हात पुसत बाहेर आल्या, बाबांच्या समोर बसल्या आणि पुडक्यातला चिमूटभर कापूस घेऊन तळहातावर वळायला लागल्या. बारीक, सारखी, कुठे जाड ना कुठे पातळ, अशी वात त्यांनी वळली.

"असा पीळ देऊ नका, नुसता हात फिरवा," त्या म्हणाल्या. "पीळ बसला की तेल चढत नाही."

बाबांनी ती वात तारेच्या वेटोळ्यातून ओढली. सहज गेली. ज्या बाईने आयुष्यभर त्या धुराशी भांडण केलं, ती पुढे दर रविवारी त्यांच्यासाठी एक वात वळून वाटीत ठेवायची. मी कधी विचारलं नाही, पण मला वाटतं तिने हिशेब सरळ लावला होता: सिगारेट बंद झाली होती, जिना चढताना ते बसत नव्हते.

पुढच्या वर्षी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस खाली वाकायचं नाही, डोळ्याला ताण द्यायचा नाही. रविवार आला. नवरा बाहेरगावी होता आणि सासूबाईंना बारीक भाग दिसत नव्हते. बाबा दोनदा टेबलाकडे बघून खुर्चीत मागे टेकले. मी म्हणाले, बाबा, तुम्ही सांगा, मी करते.

ते डोळ्याला काळा चष्मा लावून पलीकडच्या खुर्चीत बसले आणि तोंडाने सांगत गेले. मला वाटलं होतं हुकूम सोडतील, पण त्यांचा आवाज वर्कशॉपमध्ये नव्या माणसाला शिकवतानाचा असावा तसा होता. काय कर यापेक्षा हाताला काय जाणवेल ते सांगायचे. झाकण फिरवताना सुरुवातीला जरा अडेल, तिथे जोर लावू नकोस, उलटं अर्धा आटा फिरव आणि मग पुन्हा. अडलं. उलटं फिरवलं. सुटलं. धातूची एक रिंग माझ्या हातून निसटून टेबलाखाली गेली. मी ती शोधत असताना त्यांनी शांतपणे सांगितलं की पडल्याचा आवाज खुर्चीच्या डाव्या पायाकडून आला. तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघण्याआधी मी सगळं जोडलं, टाकी भरली आणि त्यांच्या हातात दिलं. कापसात द्रव मुरायला दहा मिनिटं द्यावी लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी झुरका घेतला आणि करपलेल्या कापसाने त्यांना जोराचा ठसका लागला. डोळ्याच्या ऑपरेशननंतर खोकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी पाण्याचा पेला घेऊन धावले. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "मुरू द्यायचं मी सांगायला विसरलो. चूक माझी. तू जा, तुझी मेट्रो चुकेल."

डोळ्याला काही झालं नाही. पण मेट्रोत उभी असताना मला आमच्या साहेबांची आठवण झाली, जे स्वतःची चूकसुद्धा दुसऱ्याच्या मेलमध्ये शोधत. त्या दिवसापासून बाबांबद्दल माझ्या मनात जी काही अढी होती ती गेली.

मग बंदी आली. वर्तमानपत्रात बातमी होती: विकायची नाही, आणायची नाही, साठवायची नाही. ज्यांच्याकडे साठा असेल त्यांनी जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावा. नवरा म्हणाला की हे दुकानदारांसाठी आहे, आपल्या घरी कोण बघायला येतंय? बाबांनी बातमी दोनदा वाचली. त्यांच्याकडे अजून दोन नवी नळकांडी होती, आणि त्यांच्या हाताने ती वर्ष-दीड वर्ष सहज टिकली असती.

रविवारी त्यांनी नेहमीप्रमाणे सगळं धुतलं. सोमवारी वाळल्यावर जोडलं, पण टाकी भरली नाही. पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात कापूस घालून त्यात ते दोन्ही नव्या नळकांड्यांसकट ठेवलं, आणि मला म्हणाले की ठाण्यापर्यंत सोबत येशील का, चष्म्याचा नंबर पुन्हा बदललाय.

ठाण्यातल्या हवालदाराने खोकं उघडलं आणि बराच वेळ बघत राहिला. त्याला वाटलं आम्ही चोरीची तक्रार द्यायला आलोय. बाबांनी हिंदीत समजावलं की हे जमा करायचं आहे, तसा नियम आहे.

"अंकल, ये तो बिल्कुल नया है."

"तीन साल पुराना है," बाबा म्हणाले.

हवालदाराने काच उजेडाकडे धरली. मग जरा आवाज खाली आणून म्हणाला की असलं काही घेऊन कोणीच आलेलं नाही, घरी ठेवा, कोणी विचारणार नाही. बाबांनी नाही म्हटलं आणि पावती मागितली. छापील पावती नव्हती, तेव्हा हवालदाराने कोऱ्या कागदावर लिहून सही करून दिली, आणि निघताना उठून उभा राहिला.

परतताना मी विचारलं, एवढं कशासाठी, बाबा?

"डॉक्टर थोडे दिवस म्हणाले होते. मी तीन वर्षं केली," ते म्हणाले. "कुठेतरी थांबायला निमित्त हवं होतं."

पुढचे दोन महिने सोपे नव्हते. त्यांची चिडचिड व्हायची. रविवारी सकाळी हात रिकामे असायचे, म्हणून त्यांनी मिक्सर खोलला, इस्त्री खोलली, शेजाऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ खोललं. सगळं पुन्हा चालू झालं. जिन्यात ते बसले नाहीत.

त्या हिवाळ्यात त्यांचा पलटणीतला एक जुना मित्र वारला. अंत्यसंस्काराहून आल्यावर बाबा आंघोळ करून जेवायला बसले आणि पहिला घास घेण्याआधी म्हणाले, "आज दोन सिगारेटी ओढल्या. तिथे सगळे ओढत होते."

आम्हाला कळलंच नसतं. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ताटात भाकरी वाढली. त्यानंतर त्यांनी एकही ओढलेली नाही. ओढली असती तर त्यांनी सांगितलं असतं.