हात मागे

दर रविवारी सकाळी, पहिली शर्यत सुटायच्या आधी, आमच्या रेस ट्रॅकवर तीस-पस्तीस थोराड माणसं हात पाठीमागे बांधून उभी राहतात. ड्रायव्हर, मेकॅनिक, झेंडेवाले, तिकिटं फाडणारासुद्धा. समोर सिस्टर. पन्नाशीची, ठेंगणी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला भली जड बॅग. ती विचारते, "गाडी आपटली. आग नाही. काय करायचं?" आणि आम्ही एका सुरात ओरडतो, "हात मागे!"

नवखे हसतात. मीही हसलो होतो. "हाताची घडी, तोंडावर बोट तेवढं राहिलं की," असं मी पहिल्याच रविवारी म्हणालो, तेही तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तिनं पुढचा प्रश्न विचारला. खरं तर त्या रांगेत हसायचा हक्क नसलेला एकच माणूस होता, आणि तोच दात काढत होता.

सांगूनच टाकतो. सिस्टरचा धाकटा भाऊ आमच्याकडे गाडी चालवायचा. त्याची गाडी मी बांधलेली. बारा वर्षांपूर्वी तिसऱ्या वळणावर तो भिंतीला धडकला. आम्ही धावलो, सगळ्यात पुढे मी. त्याचं हेल्मेट मी खेचून काढलं, काखेत हात घालून त्याला खिडकीतून बाहेर ओढलं. तेव्हा अँब्युलन्स कुठली असायला! ट्रॅकच्या मालकाच्या जीपमध्ये मागच्या सीटवर त्याला आडवा टाकला आणि पळवला. लोकांनी माझी पाठ थोपटली. मित्र असावा तर असा, म्हणाले. त्याच्या मानेचा मणका मोडला होता. आतली नस धडकेतच गेली की माझ्या ओढाताणीत, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नाही. "कदाचित," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत आहे. खांद्याखाली काही हलत नाही, जीभ मात्र दोन माणसांची आहे. टॉवरमध्ये बसून माइकवर शर्यतीचं वर्णन करतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टोपी उडवतो.

सिस्टर आठवडाभर मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात नोकरी करते. भाऊ खुर्चीत बसायला लागल्यावर एका रविवारी ती बॅग घेऊन ट्रॅकवर उगवली. मला वाटलं, भांडायला आली. मी सरळ गाडीखाली शिरलो आणि नसलेला बोल्ट आवळत पडून राहिलो. पण ती गेली मालकाकडे. म्हणाली, "शर्यती बंद करा म्हणायला आले नाही. माझ्या भावाचा जीव आहे त्यात. नीट करा म्हणायला आलेय."

मालक गोड बोलून वेळ मारून नेण्यात पटाईत. त्यानं एक जुनी व्हॅन आणली, आत खाट टाकली, बाहेर लाल रंग फासला. सिस्टरनं मागचं दार उघडलं, ऑक्सिजनचा सिलिंडर उघडला. फुस्ससुद्धा झालं नाही. ती गेली आणि ट्रॅकच्या सुरुवातीच्या पांढऱ्या पट्टीवर मांडी घालून बसली.

"अहो सिस्टर, दोन हजार माणसं बसलीयत!"

"मग सिलिंडर लवकर मागवा."

दीड तास ती उन्हात बसून होती. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, कुणी पाण्याची बाटली फेकली. ती तिनं उचलली, झाकण उघडलं आणि प्यायली. शेवटी भरलेला सिलिंडर आला आणि शर्यत सुटली. त्या दिवसापासून सज्ज अँब्युलन्स फाटकाशी, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून उभी असल्याशिवाय आमच्याकडे इंजिन सुरू होत नाही. पेशंट घेऊन ती गेली, तर दुसरी येईपर्यंत सगळं ठप्प. मालक अजूनही कुरकुरतो, पण झेंडेवाले आता त्याच्याकडे नाही, तिच्याकडे बघून झेंडा उचलतात.

ती प्रत्येक ड्रायव्हरचा पट्टा स्वतः ओढून बघते. आत दोन बोटं सहज शिरली, तर गाडी माघारी. आम्हा मेकॅनिक लोकांना तिनं गाडीच्या बाहेरून करंट तोडायचा खटका लावायला लावला. माझं काम ती सगळ्यात जास्त तपासायची. बोलायची मात्र कामापुरतंच. बारा वर्षांत त्या अपघाताबद्दल ती मला एक शब्द बोलली नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं.

मग माझी लेक गाडी चालवायला लागली. एकोणीस वर्षांची. बायको म्हणाली, "खाण तशी माती, मला काय विचारता?" गाडी मीच बांधली.

गेल्या मोसमातली शेवटची शर्यत. दुसऱ्या वळणाशी मी उभा होतो. शेजारच्या गाडीनं तिला घासलं, तिची गाडी फिरली आणि दाराच्या बाजूनं भिंतीवर आपटली. मी कुंपण कधी ओलांडलं ते मला आठवत नाही. सगळ्यात आधी पोचलो तो मीच. बॉनेटमधून पांढरा लोट निघत होता. मागून पाच-सहा जण धावत येत ओरडत होते, "आग! आग! काढा तिला बाहेर!"

आग असेल तर ओढायचं, हाही सिस्टरचाच नियम. मी बाहेरचा खटका खाली पाडला आणि हुंगलं. पेट्रोलचा वास नव्हता, जळका वास नव्हता. रेडिएटरच्या पाण्याचा तो गोडसर वास. खाली वाकून पाहिलं, ज्वाळ नव्हती. वाफ होती. तीस वर्षं इंजिनात डोकं घालून जे शिकलो ते त्या एका श्वासात कामाला आलं.

"बाबा," आतून आवाज आला. "हेल्मेट काढा ना. गुदमरतंय."

माझे हात उठले होते. खोटं कशाला बोलू, पार खिडकीपर्यंत गेले होते. पोटची पोर समोर काढा म्हणतेय, आणि बाप उभा! मी हात मागे घेतले, पाठीवर एकमेकांत गुंतवले आणि ओरडलो, "आग नाही! वाफ आहे! हात मागे!"

धावत आलेले थबकले. एकामागून एक हात मागे गेले.

"बाबा, काढा ना हो!"

"बोलतेयस ना, म्हणजे श्वास चाललाय. डोकं हलवू नकोस. सिस्टर येतेय. माझ्याकडे बघत राहा."

टॉवरवरून माइक बोलला, पहिल्यांदाच थट्टेशिवाय, "ताई, दुसरं वळण. ड्रायव्हर शुद्धीवर. कुणी हात लावलेला नाही." सिस्टर धावत आली. मागच्या बाजूनं आत शिरून तिनं पोरीचं डोकं दोन्ही तळव्यांत स्थिर धरलं आणि मगच तिच्या माणसांनी पुढचं काम सुरू केलं. मी तिथेच उभा होतो.

हॉस्पिटलात दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. "मानेचा मणका तडकलाय. नस शाबूत आहे. हातपाय हलतायत. चालेल ती. तिथे कुणी तिला ओढलं असतं, तर कदाचित..."

तोच शब्द. मी भिंतीला टेकलो आणि लहान पोरासारखा रडलो. बायको आत लेकीपाशी गेली. सिस्टर बाहेरच थांबली, माझ्यासमोर. गुडघ्यांवर अजून ट्रॅकची माती.

"तुझ्या भावाला..." मी सुरुवात केली.

"त्या दिवशी तुला कुणी शिकवलं नव्हतं रे," ती म्हणाली. "बारा वर्षं हेच सांगायचं होतं. पण तू दिसलास की राग आधी यायचा." मग तिनं माझ्या खांद्यामागे पाहिलं. "आता सोड."

"काय?"

"हात."

ट्रॅकवरून हॉस्पिटलपर्यंत, आणि तिथे दोन तास, ते पाठीमागेच होते. मला सोडवेनात. बोटं आखडली होती. सिस्टर मागे आली आणि तिनं ती एकेक करून सोडवली.