कांताकाकूंच्या चांदणीवर फवारणी

कुंभार पिंपळगावचे आमचे सर्जेरावकाका म्हणजे पानांचे सिव्हिल सर्जन. जन्मभर शेतीऔषधांचं दुकान चालवलं. शेतकरी रोगट पान घेऊन यायचा आणि त्यानं तोंड उघडायच्या आत काका डबा काढून द्यायचे. आता दुकान मुलगा सूरज बघतो, आणि काका घरी बसून निरोगी पानांवर नजर ठेवतात.

कांताकाकूंचं स्वतःचं असं घरात फारसं काही नव्हतं. भाजी कुठली, सोयरीक कुठली, सगळं काकाच ठरवणार. परसातली कडुलिंबाखालची सावली तेवढी सुटली होती, कारण तिथं काहीच पिकत नाही असा काकांचा निकाल होता. लेक अक्षतानं तिथं लावायला रुपेरी पानांचं एक रोप आणून दिलं. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या लक्षात राहिना, म्हणून काकूंनी चांदणी ठेवलं. पालापाचोळ्याचं खत घालून, वाटीवाटीनं पाणी पाजून त्यांनी ते गुडघ्याएवढं केलं. संध्याकाळी तिथंच पाट टाकून बसायच्या. मी शेजारी, कुंपणापलीकडून दिसायचं, त्या वेळी बाई खरंच सुखात असायची.

एप्रिलात काकू लग्नासाठी माहेरी, वाटूरला गेल्या. चहाचा चोथा टाकायला काका परसात आले आणि चांदणी त्यांच्या तावडीत सापडली. पान पांढरट, म्हणजे द्राक्षावर पडते ती भुरीची बुरशी. यात विचारायचं काय? भुरीवरचं गंधक कडक उन्हात मारू नका, हे काकांनीच अख्ख्या तालुक्याला शिकवलेलं. पण तालुका गिऱ्हाईक होता, हे घरचं झाड. त्यांनी भर दुपारी पंप पाठीला लावला आणि मायेपोटी औषध दुप्पट घातलं.

काकू परतल्या तेव्हा पानं करपून काळी पडली होती. भुरी गेली, असं काकांनी अभिमानानं सांगितलं. खरंच गेली होती, पानांसकट.

"मला एक फोन करून इचारायचं," काकू म्हणाल्या. "बिलकुल सुचलं न्हाई का?"

"न्हाई सुचलं," काका म्हणाले. माणूस खोटं बोलणारा नव्हे.

काकूंनी करपलेलं छाटलं, बुडाशी माती ओढली आणि पाणी चालूच ठेवलं. पुढं श्रावणात बुडातून कोंब फुटला. पान उघडलं ते पुन्हा पांढरट. काका चष्मा लावून बराच वेळ ओणवे राहिले, मग स्वयंपाकघराच्या दारात आले.

"ह्ये पान असंच असतं का?"

भाकरी थापता थापता काकूंचा हात थांबला. त्यांनी आधी मागं वळून पाहिलं, सूरज आलाय का म्हणून; विचारलं असेल तर त्यालाच.