वांग्यांवर पडलेला मार्चमधला पाऊस

मढच्या ज्या बंगल्यात सुलक्षणा परब आणि तिचा नवरा सहदेव राखणदार म्हणून राहतात, तो बंगला आजवर न्यायाधीशाचं घर झाला आहे, स्मगलरचा अड्डा झाला आहे, आणि एकदा तर चार दिवस इस्पितळही होता. मालक अनंतराव चेंबूरला राहतात आणि बंगला शूटिंगला भाड्याने देतात. मागच्या आवारातल्या दोन खोल्या परबांच्या. त्यांच्यासमोरची मोकळी जमीन बघूनच अकरा वर्षांपूर्वी सुलक्षणाने सामान उतरवलं होतं. कुडाळकडची बाई ती, माती दिसली की हात शिवशिवणारच.

पण विहिरीचं पाणी खारट निघालं. पहिल्या वर्षी मिरच्या जळल्या, दुसऱ्या वर्षी माठाची भाजी पिवळी पडून बसली. टँकर यायचा तो बंगल्यापुरता. तिसऱ्या वर्षी ऐन मे महिन्यात ती बंगल्यामागच्या स्विमिंग पूलच्या काठावर उभी राहिली. पूल तडकलेला, कोरडा, आत गुडघाभर पालापाचोळा.

"ह्या तळीत पाऊस भरूया," ती म्हणाली.

"डोक्यार पडलंस काय गो?" सहदेव म्हणाला. "पावसाक काय सांगतलंस, हय पड म्हणान?"

"पडताच तो. आपण नुसतो धरूचो."

तिने तिथूनच अनंतरावांना फोन लावला. "फुटकाय तो, सुलक्षणा," ते हसत म्हणाले. "भर त्यात काय वाट्टेल ते." एवढी परवानगी तिला भरपूर झाली. दोघांनी मिळून पाचोळा उपसला, तडे सिमेंटने बुजवले. गच्चीवरून उतरणारा पाइप गटाराकडे जात होता. त्याचं तोंड सहदेवने, कुरकुरत का होईना, पूलकडे वळवलं. मधे खडी-वाळू भरलेला ड्रम ठेवला. सुरुवातीचे दोन दिवस गच्चीवरची धूळ आणि कावळ्यांची घाण बाहेर जाऊ द्यायची, मगच पाणी आत घ्यायचं, हे तिने ठरवून टाकलं. जुलै संपायच्या आत तळी काठोकाठ भरली. डासांसाठी गप्पी मासे सोडले, वरून हिरवी जाळी ताणली. आत निळ्या लाद्यांच्या नऊ ओळी होत्या. किती ओळी बुडालेल्या आहेत ते बघून सुलक्षणा पाण्याचा हिशेब सांगायची. "दिवाळीक आठ होयत," म्हणजे दिवाळीला आठ ओळी पाणी हवंच, असं.

तेव्हापासून वांगी, मिरच्या, वाल, दुधी, सगळं त्या आवारात होऊ लागलं.

गेल्या मार्चमध्ये एका मालिकेचं युनिट आलं. नायिका पावसात भिजते, असा सीन. उंच नळ उभे केले, पंप लागला, दिवे लागले, आणि टँकर मढच्या रस्त्यावरच बंद पडला. प्रॉडक्शन सांभाळणारी गार्गी, पंचविशीची पोरगी, एका कानाला एक फोन आणि दुसऱ्या हातात दुसरा घेऊन गोल गोल फिरत होती. फिरता फिरता जाळीपाशी थबकली. वाकून बघितलं.

"मावशी! हे पाणी कुणाचंय?"

"माझं," सुलक्षणा म्हणाली. "म्हणजे पावसाचं. आता वांग्यांचं."

"प्लीज ना, मावशी. आज सीन झाला नाही तर माझी वाट लागेल."

पोरीचे डोळे भरून आले होते. सुलक्षणाने तळीत डोकावून पाहिलं. पाच ओळी शिल्लक होत्या, आणि पाऊस तीन महिने लांब.

"दोन ओळी देते. पण तुमचा पाऊस पुढच्या फरशीवर नाही पाडायचा. तिथलं सगळं गटारात जातं. माझ्या वाफ्यांवर पाडा."

गार्गी दिग्दर्शकाला घेऊन आली. तो वाफ्यांमधून एक फेरी मारून आला, वालाच्या मांडवाखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "झकास! फरशीपेक्षा हे कितीतरी बरं." नायिका आता वांगी तोडता तोडता भिजणार असं ठरलं. काटे न लागता वांगं कसं तोडायचं, ते सुलक्षणाने तिला देठाशी बोटं धरून शिकवलं.

आणि भर दुपारी, लखलखीत उन्हात, मार्च महिन्यात पाऊस पडला. मागच्या जुलैतलाच पाऊस, दुसऱ्यांदा. मातीचा वास सुटला. नायिका हुंदके देत होती आणि कॅमेऱ्यामागे सुलक्षणा तोंडाला पदर लावून हसत होती. पहिल्या टेकला छत्री मधे आली, दुसऱ्याला नायिकेला शिंक आली. प्रत्येक वेळी युनिट कपाळाला हात लावायचं आणि सुलक्षणा खूश व्हायची. चौथ्या टेकनंतर सगळे टाळ्या वाजवू लागले तेव्हा ती पुढे झाली.

"अजून एकदा घ्या ना. त्या कोपऱ्यातल्या मिरच्यांवर पडलाच नाही."

दिग्दर्शकाने मान तिरकी करून कोपरा बघितला. "बरोबर आहे. कोपरा कोरडा दिसतोय रे," तो गंभीरपणे म्हणाला आणि नळ सरकवायला लावला. गार्गीला हसू आवरेना. ती सुलक्षणाच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली.

संध्याकाळी सहदेव तळीत वाकून बघून आला. "दोनच ओळी गेल्यो," त्याने सांगितलं. आवाजात चक्क अभिमान होता.

तीन आठवड्यांनी तो भाग टीव्हीवर लागला. पाऊस जेमतेम मिनिटभर दिसला. नायिका कुणाच्या तरी विरहात रडत होती, आणि परबांच्या खोलीत नवरा-बायको पडद्याला बोट लावून "तो बघ दुधी! ते माझे वाल!" करत होती. सीन संपतो न संपतो तोच कुडाळहून सुलक्षणाच्या बहिणीचा फोन वाजला.

"अगो, ती हिरॉइन रडता कित्याक ता कळूक नाय," ती म्हणाली. "पण वांगी काय झाली हत गो! बियाणा धाड माका."