सहीखालची रेघ

आमच्या दादांच्या सहीखाली रेघ असेल तरच काम व्हायचं. ही गोष्ट कचेरीतल्या साहेबांना ठाऊक होती, दादांना होती आणि मला होती. पत्र घेऊन जाणाऱ्याला नसायची.

पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्याच निवडणुकीत दादा, म्हणजे माझे वडील, आमदार झाले आणि हैदराबादच्या विधानसभेत जाऊन बसले. शिक्षण सगळं उर्दूत, त्यामुळं मराठी लिहायला बसले की त्यांना घाम फुटायचा. म्हणून शिफारशीची पत्रं लिहिणं माझ्याकडं. मी तेव्हा मॅट्रिकला होते. ते गावात असले की सकाळपासून दारात माणसं. मी लिहायची, दादा सही करायचे, आणि मनात असेल तर खाली एक आडवी रेघ ओढायचे. तोंडावर 'नाही' कुणालाच म्हणायचे नाहीत. मला या हुशारीची गंमत वाटायची, हेही कबूल करते.

छावणीच्या बाजारात कपडे शिवणारी एक बाई होती, तिला मी खाला, म्हणजे मावशी म्हणायची. माझे शाळेचे कपडे तिनंच शिवलेले. तिचा नवरा निजामाच्या अमलात तहसिलीत कारकून होता, ॲक्शननंतर त्याला कमी केलं. त्याला परत घ्यावं म्हणून ती पत्र मागायला आली. मी मन लावून लिहिलं, एकही खाडाखोड नाही. दादांनी सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

ती गेल्यावर मी भांडले. "त्यानं कुणाचं काय वाकडं केलंय?"

"काय नाय केलं. पण आत्ता त्याच्यासाठी शब्द टाकला तर लोक मलाच इचारतील, तू कुणाचा म्हणून. तुला नाय कळायचं."

मला चांगलं कळलं. ते घाबरले होते, आणि मला त्यांची लाज वाटली. मी तरी कुठली शूर! खालाला खरं सांगायचं म्हणून दोनदा छावणीच्या बाजारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा तशीच परत फिरले. अभ्यासात लक्ष लागेना, घरात बसवेना. खाला मात्र दर ईदला शीरखुर्मा घेऊन यायची. "भाईसाब चिठ्ठी दिये ना बेटी, आज नै तो कल होताइच," म्हणायची. त्या शीरखुर्म्याला मी हात लावायची नाही.

पुढं आमचा भाग मुंबई राज्यात गेला आणि पुन्हा निवडणूक लागली. खालानं गल्लीच्या गल्ली मतदानाला आणली. दादा अगदी थोडक्या मतांनी निवडून आले. अंगावरचा गुलाल निघायच्या आत ती दारात हजर. "भाईसाब, अब और एक चिठ्ठी देव."

"लिही गं," दादा म्हणाले.

मी लिहिलं. सहीची जागा सोडली आणि तिच्याखाली मीच रेघ ओढली, चांगली ठसठशीत. कागद दादांच्या पुढं केला. दादांनी रेघेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. कागदाची नीट घडी करून खिशात घातली.

"हात हलला पोरीचा," ते खालाला हसून म्हणाले. "दुसरं लिही."

खाला समोरच बसली होती, माझ्या अक्षराकडं कौतुकानं बघत.

मी दुसरं लिहिलं.