जलालभाईचा दुसरा फातिहा

जलालभाई आपल्या अब्बाच्या कबरीवर फातिहा वाचून उठले अन् सरळ कब्रस्तानाच्या मागच्या भिंतीकडं गेले. तिथं एकही कबर नाही. तरी त्यायनं पुन्हा दुआले हात उचलले. ईदची नमाज झालती, घरी शीरखुर्मा थंडा होऊन राह्यला होता, अन् मी फाटकापाशी येरझारा घालून राह्यलो होतो.

अफरोज टायरवाला मुद्दाम मोठ्यानं बोलला, "बापाले माती द्याले आला नाही, अन् भिंतीले फातिहा वाचते."

मी त्याची कॉलर धरली. भाई तिकडूनच म्हणे, "अय्याज, सोड त्याले. ईद हाय."

जलालभाई माह्या मोठ्या चाचाचा पोरगा. उमरखेडच्या जिनिंगमधे फिटर होते. कापसाचे वांधे झाले, जिनिंगले कुलूप लागलं, तसे ते एजंट धरून जहाजावर गेले. पैनगंगेत गुडघ्याच्या वर पाणी आलं का मागं फिरणारा हा माणूस. ग्रीसमधे पायलोसच्या बंदरात, नवारिनोच्या खाडीत, जहाज अडकलं. मालक पळाला, कोर्टानं जहाज धरून ठेवलं, अन् खाली उतराची परवानगी कोणालेच नाही.

जहाजावर मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, एक बावर्ची होता. त्यानं सांगतलं का ह्या पाण्याखाली त्याच्या देशाची जहाजं हायेत. दोनशेक वर्षांआधी तिथल्या पाशानं शेतकऱ्यायचा कापूस आपल्या मर्जीच्या भावानं उचलला, विकला, अन् आरमार उभं केलं. इंग्रज, फ्रेंच अन् रशियनायच्या तोफांनी ते एका दुपारीत बुडवलं. त्याच्या संगं तुर्कांचीही जहाजं होती. हजारो माणसं गेली.

"खाली कापसाची जहाजं, वरती मी कापसानंच हाकललेला," भाई मले म्हणे. "ईद आली. जवळ कब्रस्तान नाही. मंग फातिहा त्यायच्यासाठीच वाचला. तेव्हापासून दर ईदले वाचतो."

मोहल्ल्याचं म्हणणं वेगळंच. त्याच जहाजावरचे दोघं उडी मारून पोहत किनाऱ्याले गेले, पोलिसायनं त्यायले घरी धाडलं. अन् हा बाप गेल्याचं ऐकूनही हालला नाही, असं लोक म्हणत. मी ज्याच्या त्याच्याशी भांडत फिरलो. गावात परतलेले भाई दुरुस्तीचे मोटारपंप खोलत बसत.

"काहून गप राह्यता तुम्ही? पोहता येत नाही एवढं तं सांगा."

"पाना दे इकडं," ते म्हणत.

मागच्या साली हुस्नाबी चाची, भाईची माय, दवाखान्यात होती, तेव्हा तिनं मले सांगतलं. चाचा गेल्याचं तिनं भाईले कळवलंच नव्हतं, नाहीतर पोरानं पाण्यात उडी टाकली असती. लोकायले मातर कळवलं म्हणून सांगतलं. भाईले खरं समजलं ते गावात उतरल्यावर, अन् मायवर बोल येऊ नये म्हणून त्यायनं तोंड उघडलं नाही. त्या ईदले त्यायचा जहाजावरून फोन आलता. तिनं म्हटलं, अब्बा झोपले हायेत. भाई म्हणे, उठले का त्यायले सांग, बुडालेल्यायसाठी फातिहा वाचला अन् अब्बाच्या लंब्या उमरीसाठी दुआ मांगली. चाचाले माती देऊन तेव्हा हप्ता झालता.