खणाची चावी

दोह्याच्या बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलगी मुक्ता शाळेचा प्रोजेक्ट करत होती. तीनशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज विचारवंत. माणूस जन्मतः स्वतंत्र असतो असं लिहिणारा. गुलाम विकणाऱ्या कंपनीत त्याचेच शेअर्स होते, हे वाचून तिनं तोंड वाकडं केलं. “सो डिस्गस्टिंग, बाबा! त्याला कळत नव्हतं?”

आणि माझ्या नाकाशी तो खण उघडला. वीस वर्षांपूर्वी, याच शहरात, कंपनीतल्या सगळ्या कामगारांचे पासपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात असायचे. तशी रीतच होती. घाम, तंबाखू आणि तापलेलं प्लास्टिक यांचा कुबट वास यायचा. एका दुपारी नांदेडचा एक गवंडी समोर येऊन उभा राहिला.

“साहेब, माय गेली. पासपोर्ट द्या की. मातीला तरी पोचतो.”

“मॅनेजर रविवारी येतील. तेव्हा बघू, इन्शाल्ला,” असं म्हणून मी खण ढकलला आणि बेसिनवर जाऊन साबणानं हात धुतले. तेव्हा मला किळस आली ती फक्त त्या वासाची.

मुक्ता अजून उत्तराची वाट बघत होती.

“सगळं कळत होतं त्याला,” मी म्हणालो.

त्या खणाची चावी माझ्याच खिशात असायची.