मार्चकाका आणि खेळाडू ‘अ’

सॉफ्टबॉलच्या संघातून मला मीच काढलं. लेखी, कारणांसकट, खाली सही ठोकून. आमच्या मराठी मंडळींच्या संघाला टी-शर्ट बारा आणि आम्ही तेराजण, तेव्हा एकाला जायचं होतंच. पण जाणाऱ्याने स्वतःविरुद्ध पंधरा मिनिटं भाषण करून जावं, असं सिंगापुरात त्याआधी कधी झालं नसावं.

हे माझ्याकडून करून घेणाऱ्या माणसाला आम्ही मार्चकाका म्हणायचो. नाव आमच्या हिने ठेवलं. टॅम्पिनीसला आमच्याच ब्लॉकमध्ये ते नवव्या मजल्यावर राहायचे. वर्षाचे अकरा महिने लिफ्टमध्ये भेटले तरी “काय, बरंय ना?” याच्या पुढे गाडी जायची नाही, आणि उत्तराची वाटही बघायचे नाहीत. मार्च लागला की हाच माणूस लिफ्टचं दार हाताने धरून ठेवून बोलायचा. तरुणपणी नोकरीनिमित्त ते बरीच वर्षं अ‍ॅरिझोनात होते आणि तिथून बेसबॉलचं वेड घेऊन आले होते. बेसबॉलचा मोसम सुरू होण्याआधी तिकडचे संघ उबेच्या गावांत जाऊन महिनाभर सराव करतात, आपसांत सामने खेळतात आणि जमलेल्या साठ-सत्तर जणांतले सव्वीस ठेवून बाकीच्यांना घरी पाठवतात. त्याला स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. एप्रिलपासूनचा खरा मोसम काका इतरांसारखाच बघायचे. जीव होता तो या महिन्यात.

आमची दोघांची ऑफिसं पाया लेबारला, त्यामुळे सकाळची एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, एकच. पहिल्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो तर ते फोनवर आदल्या रात्रीचा सामना बघत होते आणि पडद्याच्या कोपऱ्यावर काळ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावलेला.

“स्क्रीन फुटली का हो?”

“नाही. स्कोअर झाकलाय.”

“का?”

“मार्चमध्ये स्कोअर बघणारा माणूस खेळ बघत नाही.”

पट्टी एक मार्चला लागायची आणि मोसमाच्या पहिल्या दिवशी निघायची. महिनाभर फोनचं घड्याळही त्याच पट्टीखाली गेलेलं असायचं आणि काका ऑफिसात उशिरा पोचायचे. मार्चमधला विजय म्हणजे नेटमधलं शतक, असं त्यांचं मत. नवख्या पोराने सलग चार दिवस चेंडू मैदानाबाहेर भिरकावले की सगळे त्याच्यामागे लागायचे, आणि काका विचारायचे, “समोर कोण टाकत होता? पाठीवर ब्याण्णव नंबर असलेला, जो पुढच्या आठवड्यात स्वतःच घरी जाणार आहे, तो. त्याला झोडपलं तर काय मोठं?” उलट एखादा मुरलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मार खात असला की काका खूश. “तो नव्या तऱ्हेचा चेंडू टाकायला शिकतोय, घैसास. शिकायचं तर मार्चमध्येच. एप्रिलमध्ये शिकायला गेलात तर नोकरी जाते.” हे मी माझ्या ऑफिसात मॅनेजरला ऐकवलं होतं. त्याने कॅलेंडरकडे बोट दाखवलं. जून होता.

पण काकांचा खरा विषय म्हणजे सव्विसावा माणूस. “पहिली वीस नावं तुम्हीसुद्धा लिहाल,” ते म्हणायचे. यातल्या ‘सुद्धा’वर जोर असायचा. “शेवटचं नाव लिहायचं तर माणूस ओळखावा लागतो. तो दहा दिवस बाकावर बसणार, अकराव्या दिवशी एकदम उठवला जाणार, आणि तोवर त्याने तोंड पाडून बसता कामा नये.” कुठल्या संघाने चांगल्या पोराला केवळ खाली पाठवायची सोय आहे म्हणून खालच्या लीगमध्ये पाठवलं आणि त्याच्या जागी थकलेला म्हातारा ठेवला, की सीमेइपासून युनोस स्टेशनपर्यंत त्यांचा पारा चढलेला असायचा. “ज्याला पाठवता येतं त्यालाच पाठवतात! तो काही बोलत नाही ना, म्हणून!” समोरची चिनी आजी दचकून पिशवी जवळ ओढायची.

चार वर्षं हे सगळं ऐकणारा एकटा मी होतो. बेसबॉल मला निम्मंच कळायचं. पण काका फक्त मला सांगतात, हे पूर्ण कळायचं, आणि तेवढ्यावर मी खूश होतो. मग मल्हार आला.

मल्हार जळगावचा. विद्यापीठात पाणी गाळणाऱ्या कुठल्याशा पटलांवर संशोधन करायला आलेला, उंच, शांत, आणि शाळेत सॉफ्टबॉल खेळलेला. आमच्या शनिवारच्या खेळाला तो बिशानच्या मैदानावर पहिल्यांदा आला तेव्हा काकांनी त्याला दहा मिनिटं नुसतं पाहिलं. तिसऱ्या शनिवारी ते त्याला “अरे मल्हार, इकडे ये” म्हणाले. मी चार वर्षं “अहो घैसास” होतो! बायकोला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग तू त्यांना अरे म्हणून बघ.” आठ वर्षांची लेक वहीतून मान वर न करता, सिंगापुरी शेपूट लावून म्हणाली, “बाबा जेलस लाह.” आमच्या घरात इतकं नेमकं मराठी कुणी बोलत नाही.

जेलस तर होतोच. मल्हारला काकांनी सव्विसावा माणूस समजावला तेव्हा त्याने असा प्रश्न विचारला जो मला चार वर्षांत सुचला नव्हता: “पण काका, काढलेल्याला सांगतं कोण?” काकांनी त्याला एक गोष्ट सांगितली, जी मला कधीच सांगितली नव्हती. मी बुटाची नाडी बांधत ती चोरून ऐकली. अ‍ॅरिझोनात मार्चच्या शेवटच्या दिवशी मैदानामागच्या दारातून एक खेळाडू स्वतःच्या दोन बॅटी आणि पिशवी घेऊन बाहेर पडला. नुकतंच त्याला काढलं होतं. दाराशी काका उभे होते. त्यांनी सहीसाठी चेंडू पुढे केला, तर तो म्हणाला, “आता याला किंमत नाही,” आणि तरीही सही करून गेला. “सहीचं अक्षर लागत नाही रे,” काका मल्हारला म्हणाले. “नाव वाचताच येत नाही. तीस वर्षं प्रयत्न करतोय.” नाडी बांधून झाली होती. मी ती सोडून पुन्हा बांधायला घेतली.

तर त्या वर्षी भारतीय मंडळांची सॉफ्टबॉलची स्पर्धा ठरली आणि संघ निवडायचं काम अर्थातच काकांकडे आलं. मार्चचे चार शनिवार सराव, मग यादी. काकांनी पाठीमागे हात बांधून मैदानाला फेऱ्या मारायला सुरुवात केली आणि खिशातल्या वहीत काही काही लिहायला लागले. मी जीव तोडून खेळलो. काका हळू टाकायचे, मी चेंडू रेन ट्रीच्या पलीकडे घालवायचो. एकदा तर चेंडू जॉगिंग करणाऱ्या एका काकूंच्या पुढ्यात पडला आणि मी तिकडे माफी मागायला न जाता सगळ्यांनी बघितलं ना, ते बघत राहिलो.

चौथ्या शनिवारनंतर काकांनी मला हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कॉफीला बोलावलं. एकट्याला. मी वाटेत मल्हारकडे एक कटाक्ष टाकला, पण तो बिचारा बॅटी पिशवीत भरत होता.

“अकरा नावं झाली,” काका म्हणाले. “बाराव्यासाठी दोघं आहेत. नावं सांगत नाही. नावं कळली की माणूस नाव बघतो. तिकडे आम्ही बघे लोक असंच करायचो, खेळाडू ‘अ’ आणि खेळाडू ‘ब’. फक्त ऐका आणि कुणाला काढायचं ते सांगा.”

वही उघडून ते वाचू लागले. “‘अ’. सरावात चेंडू लांब मारतो. मारला की आधी बाकांकडे बघतो, मग धावतो. दुसऱ्याच्या हातून चेंडू सुटला की मान हलवतो. सामान उचलायची वेळ झाली की याला फोन येतो. आता ‘ब’. चेंडू कधी लागतो, कधी नाही. पण कुणी फेकलेला चेंडू चुकला तर मागे हा उभा असतो. गेल्या आठवड्यात चुकलेलं या आठवड्यात चुकत नाही.”

मला खुर्चीत बसवेना. ‘अ’ म्हणजे मल्हार, यात शंकाच नव्हती. सगळे त्याचं कौतुक करत, तेव्हा बाकांकडे बघणारच. आणि लॅबमधून त्याला फोन येतोच. ‘ब’ म्हणजे मी. ‘कधी लागतो, कधी नाही’ हे थोडं बोचलं, पण काकांना मला उगाच डोक्यावर चढवायचं नसेल अशी मी समजूत काढली.

मग मी बोललो. ‘अ’सारख्या माणसाने संघ कसा आतून कुजतो, दिखाऊपणा म्हणजे काय, आपण मराठी माणसं दिसण्याला कशी भुलतो, यांतलं काहीही सोडलं नाही. काकांची कॉफी निवली. “ज्याला स्वतःचा खेळ सोडून लोकांचे डोळे दिसतात,” मी टेबलावर हात आपटून म्हणालो, “त्याला बाकावरसुद्धा बसवू नका!”

“नक्की?”

“नक्की म्हणजे? लिहून देतो!”

काकांनी वही माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं, ‘वरील कारणांस्तव खेळाडू अ यास काढावे,’ आणि खाली नेहमीची लांब सही केली. काकांनी सही नीट वाचली, वही मिटली, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

“घैसास,” ते म्हणाले, “हे तोंडावर सांगायला मला जमलं नसतं.”

तेव्हाही मला उमगायला कॉफीचे दोन घोट जावे लागले.

पुढचा आठवडा मी एमआरटीचा डबा बदलला. शेवटच्या डब्यात उभा राहून जायचो आणि पाया लेबारला काका उतरून गेले की मग उतरायचो. चौथ्या दिवशी शेवटच्या डब्यात काका उभे. “तुम्हाला काढलेलं नाही,” ते म्हणाले, जणू बोलणं मध्येच थांबलं होतं. “खाली पाठवलंय. खाली पाठवलेल्याला परत बोलावता येतं. तोवर स्पर्धेत स्कोअर लिहा. बेसबॉलमध्ये स्कोअर लिहिणारा न्यायाधीश असतो. हिट की एरर, म्हणजे फटका चांगला की अडवणाऱ्याची चूक, तोच ठरवतो.”

न्यायाधीश म्हटल्यावर मी तयार झालो. स्पर्धेच्या दिवशी मल्हार तिसऱ्या बेसवर चेंडू अडवायला उभा होता. एक चेंडू गोळीसारखा आला, त्याच्या ग्लोव्हला लागून उडाला, तेवढ्यात समोरचा फलंदाज पहिल्या बेसवर पोचला. एरर लिहायचा की नाही हे खरोखर माझ्या हातात होतं, आणि मी तो मल्हारच्या नावापुढे असा दाबून लिहिला की मागच्या पानावर उठला. काका मागे उभे होते ते मला माहीत नव्हतं. त्यांनी खिशातून खोडरबर काढून पानावर ठेवलं.

“हा चेंडू तुमच्याकडे आला असता तर?”

“तर… अवघडच होता जरा.”

“तर तुम्ही बाकांकडे बघत असता. खोडा.”

मी खोडलं. पान थोडं फाटलं. आम्ही तो सामना हरलो, पण शेवटच्या डावात दुसऱ्या कुणाच्या सुटलेल्या चेंडूमागे पळत मल्हार कुंपणापर्यंत गेला होता, आणि ते स्कोअरच्या वहीत लिहायला जागाच नसते. मी समासात लिहिलं. काकांनी ते वाचलं की नाही, कळलं नाही.

गेल्या वर्षी काका निवृत्त होऊन नाशिकला गेले. चांगीला आम्ही दोघं पोचवायला होतो. मल्हारला त्यांनी आपली मार्चची वही दिली. मी विमानतळाच्या छताकडे बघत उभा राहिलो. मग त्यांनी माझ्या हातात काळ्या चिकटपट्टीचं अर्धं उरलेलं रीळ ठेवलं. “तुम्हाला याची जास्त गरज आहे, घैसास.” आणि मागे न बघता आत गेले. परतीच्या ट्रेनमध्ये मल्हारने विचारलं, “दादा, वही बघायची?” मी नाही म्हणालो. टॅम्पिनीस येईपर्यंत मला त्याचा पश्चात्ताप होत होता.

आता मार्चमध्ये मी एकटाच सामने बघतो. कोपऱ्यावर पट्टी लावतो. बेसबॉल अजून निम्मंच कळतं, पण शेजारी कुणी समजावून सांगणारं नसलं की ते निम्मंही कमी होतं. यंदा मल्हार कॅप्टन आहे. त्याने मला परत बोलावलं, पण अट घातली: “दादा, बाराव्या जागेला तुम्ही किंवा तो नवा पोस्टडॉक. तुम्हीच ठरवा. मी मध्ये पडत नाही.” असली पेचातली पद्धत त्या वहीशिवाय कुठून येणार!

मी ठरवलं, हे न्यायाने व्हायला हवं. दोघांचं वर्णन तयार केलं, नावं नाहीत, फक्त ‘अ’ आणि ‘ब’. आपण कोण ते कळू नये म्हणून ‘अ’मध्ये स्वतःचे दोन दोषही घातले, त्यांतला एक म्हणजे ‘कधीकधी अति मेहनत करतो.’ दोनदा वाचलं, आणि सिंगापुरातून नाशिकला व्हॉट्सअ‍ॅप केलं. खाली लिहिलं, ‘काका, निःपक्षपातीपणे सांगा, कुणाला ठेवू?’

मिनिटभरात उत्तर आलं.

“‘अ’ला बाकावर बसव, गाढवा. ‘ब’बद्दल दोन ओळी आणि ‘अ’बद्दल अठरा. माणसाबद्दल इतकं चांगलं फक्त तो स्वतःच लिहितो.”